दोन फूट माती आणि सूर्यफुलं: ‘स्वस्त शुद्धीकरणा’च्या दाव्याची तपासणी

बंद पडलेले कारखाने, जुने तेलडेपो, कोळशापासून गॅस काढण्याची ठिकाणं यांच्या जमिनींबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: “जमीन प्रदूषित आहे म्हणून घाबरू नका. वर दोन फूट चांगली माती टाका, सूर्यफूल आणि मोहरी लावा, पावसाचं पाणी मुरवा. दोन-तीन वर्षांत निसर्ग सगळं स्वच्छ करतो. चार ठिकाणची माती तपासली की पुरे. घाई असेल तर माती उचलून बाहेर टाका. मग सोलर, स्वतःचं सांडपाणी केंद्र, खाली दुकानं आणि वर घरं अशी हरित वसाहत उभारा. बाकी सगळा सल्लागारांचा धंदा.”

हा मजकूर पटतो, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या खऱ्या उपायाला खेटून उभं आहे. मातीचा थर वापरतात, झाडं वापरतात, माती उचलतातही. पण नेमकं कोणतं विष, ते कुठे आहे आणि माणसापर्यंत कोणत्या वाटेने येणार, हे मजकूर विचारतच नाही. शिसं धुळीतून आणि हातावाटे पोटात जातं, बेंझिन जमिनीतून वर येऊन श्वासात जातं, सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पाण्याबरोबर वाहतं. तिघांवर एकच औषध चालत नाही. दुसरी चूक याहून मोठी आहे. मजकूर ‘आधी शुद्धीकरण, मग हरित बांधकाम’ अशी दोन सुटी कामं धरतो. प्रत्यक्षात हवाबंद घर, मुरवलेलं पाणी, खोल मुळांचं झाड या ‘हरित’ गोष्टीच विषाला नवी वाट करून देऊ शकतात.

“दोन फूट चांगली माती टाकली की झालं”

शिसं, आर्सेनिक, ॲस्बेस्टॉस, जड डांबर यांच्यासाठी हे अर्धं खरं आहे. ही द्रव्यं बाष्प होऊन वर येत नाहीत. त्यांचा धोका मातीत खेळणारी मुलं, धूळ आणि परसातली भाजी यांतून येतो, आणि थर ती वाट तोडतो. मात्र तो थर नीट रचावा लागतो. तळाशी भडक रंगाचं, बहुधा नारिंगी, जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं मजबूत कापड) अंथरायचं; हाच खूणपट्टा. पुढे कोणी खणलं तर ‘इथून खाली थांबा’ हे त्याला दिसलं पाहिजे. त्यावर १५० ते ३०० मिलिमीटर जाड खडी, म्हणजे खालचं दूषित पाणी केशाकर्षणाने वर चढत नाही. त्यावर किमान ६०० मिलिमीटर स्वच्छ माती, आणि खासगी बाग असेल तर जास्त. लंडनच्या ऑलिंपिक पार्कमध्ये जुन्या औद्योगिक जमिनीवर खूणपट्टा आणि त्यावर स्वच्छ थर हीच पद्धत वापरली. पण त्याआधी मातीचा मोठा भाग जागेवरच धुऊन काढला होता.

थर बिघडतो तो बहुधा पुढच्या खोदकामांमुळे. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनाल हे याचं सर्वांत महागडं उदाहरण. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात जुन्या कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, वर चिकणमातीचं झाकण घातलं आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. पुढे शाळा, रस्ते, गटारांचे चर यांनी झाकण आणि कालव्याच्या कडा फुटत गेल्या. पाणी आत शिरलं आणि कचऱ्याचा रस घरांच्या तळघरांत आला. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून रहिवाशांना हलवावं लागलं.

म्हणून वीज, गॅस, पाणी, केबल यांचे मार्ग पहिल्या दिवशीच नकाशावर हवेत. त्या मार्गांवर पूर्ण खोलीपर्यंत, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जादा रुंदीने, स्वच्छ माती भरून ठेवायची. मग दहा वर्षांनी केबलवाला खणेल तेव्हाही स्वच्छ मातीच बाहेर येईल. हे केलं नाही तर पहिल्याच दुरुस्तीत खालची माती वर आणि वरची खाली होते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आणखी एक: बाहेरून आणलेली ‘चांगली’ माती कुठून आली? पाडकामाच्या ढिगाऱ्यातून आलेला भराव पुष्कळदा मूळ जमिनीपेक्षा वाईट निघतो. प्रत्येक स्रोताची वेगळी तपासणी करायची आणि अहवाल येईपर्यंत ट्रक रिकामा करू द्यायचा नाही.

आता ज्या विषांसाठी हा दावा सपशेल खोटा आहे ती बघू. ट्रायक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगचं परक्लोरोइथिलीन, पेट्रोलमधलं बेंझिन ही द्रव्यं बाष्प होऊन मातीच्या पोकळ्यांतून वर येतात. दोन फूट माती त्यांना अडवत नाही. घरातली गरम हवा वर जाते, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा हवा बाहेर फेकतो, आणि खोलीतला दाब जमिनीखालच्या दाबापेक्षा काही पास्कलने (दाबाचं छोटं एकक) कमी होतो. एवढ्यावर फरशीच्या भेगा आणि पाइपभोवतीच्या फटी जमिनीतली हवा आत ओढू लागतात. ऊर्जा वाचवण्यासाठी घर जितकं हवाबंद, तितकी आत आलेली बाष्पं जास्त वेळ टिकतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत, प्राथमिक चाळणीसाठी स्लॅबखालच्या बाष्पाचा ०.०३ म्हणजे ३ टक्के भाग घरात येतो असं धरलं आहे. स्लॅबखाली घनमीटरला १,००० मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन सापडलं तर खोलीत ३० मायक्रोग्रॅमची शक्यता धरून चालायचं. त्याच संस्थेची घरातल्या हवेसाठीची तपासणी पातळी, म्हणजे जिच्यावर गेलं की पुढे तपासावं लागतं ती, साधारण २ मायक्रोग्रॅम आहे.

उपाय अवघड नाही, फक्त स्लॅब ओतण्याआधी करावा लागतो. १५० मिलिमीटर खडीचा थर, त्यात सच्छिद्र पाइप, वर बाष्परोधक पडदा, आणि छपराच्या वर तोंड असलेला उभा पाइप. सुरुवातीला तो पंख्याविना चालतो, पण पंखा बसवण्याची जागा आणि वीजजोड आधीच ठेवायचा. पंखा लावल्यावर स्लॅबखालचा दाब सर्वांत दूरच्या कोपऱ्यातसुद्धा खोलीपेक्षा काही पास्कलने कमी दिसला पाहिजे. फक्त पंख्याजवळ मोजून समाधान मानू नये. साधं पॉलिथिन इथे चालत नाही, वर सांगितलेल्या विद्रावकांची (सॉल्व्हंटची) बाष्पं त्यातून आरपार जातात. त्या-त्या रसायनासाठी तपासलेला पडदाच हवा. आणि पडदा फाटतो तो जवळजवळ नेहमी सळया बांधताना. म्हणून काँक्रीटच्या आदल्या दिवशी पडद्याखाली धूर सोडून भोकं शोधायची, पाइप जिथे पडद्यातून वर येतात ते सांधे हाताने तपासायचे.

जुन्या कचराभूमीजवळ प्रश्न मिथेनचा असतो. हवेत ५ ते १५ टक्के प्रमाण झालं की तो स्फोटक ठरतो. २४ मार्च १९८६ रोजी इंग्लंडमधल्या लॉस्को गावात एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला. जवळच्या कचराभूमीतला वायू खडकातून तिथवर आला होता, आणि त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरल्याने तो बाहेर ओढला गेला. म्हणून स्वच्छ, स्थिर हवामानाच्या एका दिवशी घेतलेलं ‘वायू आढळला नाही’ हे मोजमाप कुचकामी असतं. दाब उतरत असताना, निरनिराळ्या महिन्यांत, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

पाण्याच्या नळाकडे तर कोणी बघतच नाही. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क इथे रासायनिक कचऱ्यावर बांधलेल्या वस्तीतून १९८० मध्ये सुमारे २७० कुटुंबांना हलवलं गेलं. तिथे टोल्युइनसारखी विद्रावकं प्लास्टिकच्या पाणीपाइपाच्या भिंतीतून थेट पिण्याच्या पाण्यात उतरली होती. पाइप कुठेही फुटलेला असण्याची गरज नव्हती. पेट्रोल किंवा विद्रावकाच्या जमिनीत ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप किंवा धातूचा पाइप वापरतात तो याच कारणाने. सांध्यांचे रबरी वायसरही त्याच तोडीचे हवेत.

“सूर्यफूल, मोहरी विष शोषून घेतात”

इथे आकडेमोड पुरेशी आहे. एक हेक्टर जमीन, ३० सेंटिमीटर खोली, घनमीटरला १.४ टन वजन: एकूण ४,२०० टन माती. शिसं किलोमागे १,००० मिलिग्रॅम आहे आणि ते ४०० वर आणायचं आहे. म्हणजे २,५२० किलो शिसं बाहेर काढायचं. मोहरीचं भरघोस पीक हेक्टरी १० टन कोरडं धरलं आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं चढलं, तर एका पिकात निघालं १ किलो. उरलेला हिशोब वाचकाने करावा. ईडीटीए हे धातू सुटा करणारं रसायन घालून शिसं सुटं केलं आणि शोषण दहापट केलं तरी २५२ पिकं लागतात, वर्षाला दोन घेतली तरी सव्वाशे वर्षं. शिवाय सुटं झालेलं शिसं मुळांची वाट बघत थांबत नाही, पावसाबरोबर भूजलात उतरतं. कापलेलं पीक स्वतःच घातक कचरा होतं, ते वेगळंच. आणि ४०० हा आकडाही आता ढिला ठरला आहे: अमेरिकेने घरगुती मातीसाठीची तपासणी पातळी जानेवारी २०२४ मध्ये २०० वर आणली.

सूर्यफुलाच्या कीर्तीचं मूळ चेर्नोबिलमध्ये आहे. पण तिथला गाजलेला प्रयोग तळ्यातल्या पाण्यावरचा होता, मुळं पाण्यात सोडलेल्या तराफ्यांचा. मातीतली स्थिती फुकुशिमानंतर दिसली: जपानच्या कृषी मंत्रालयाच्या २०११ च्या चाचणीत सूर्यफुलांनी मातीतल्या सीझियमचा सुमारे दोन-हजारावा भाग उचलला. तिथे वरची काही सेंटिमीटर माती खरवडून काढणं कितीतरी परिणामकारक ठरलं.

मग वनस्पती निरुपयोगी का? मुळीच नाही. पॉप्लरसारखी पाणी ओढणारी झाडं उथळ भूजलाचा प्रवाह मंद करतात, गवताच्या मुळांभोवतीचे जिवाणू तेलाचे अवशेष तोडतात, टेरिस व्हिटाटा हे नेचं आर्सेनिक खरोखर साठवतं. ही रेंगाळत चालणारी, पूरक कामं आहेत. घर बांधण्याच्या वेळापत्रकात त्यांना मुख्य उपाय म्हणून बसवता येत नाही. तेलाच्या मातीसाठी बायोपाइल, म्हणजे जिवाणूंकडून तेल तोडून घेणारा मातीचा ढीग, बरा: दोन-तीन मीटर उंची, आतून हवेचे पाइप, ओल टिकवून ठेवायची, आणि कार्बन, नत्र, स्फुरद साधारण १००:१०:१. नत्र कमी पडलं किंवा ढीग वाळला की काम थांबतं, जास्त भिजला की हवा कोंडते. डिझेल यात काही महिन्यांत उतरतं. जड डांबर हटवादी असतं. सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये १९७० च्या दशकात मातीत जैविक उपचार केले, १९७५ मध्ये उद्यान खुलं झालं, आणि १९८४ मध्ये डांबरी द्रव्यांच्या चिंतेने ते काही काळ बंद ठेवून नवा थर घालावा लागला.

‘निसर्ग’ कधी कधी अर्ध्यावरही थांबतो. परक्लोरोइथिलीनचं ट्रायक्लोरोइथिलीन होतं, त्याचं डायक्लोरोइथिलीन, त्याचं व्हिनाइल क्लोराइड. योग्य जिवाणू नसतील तर साखळी मध्येच अडते, आणि व्हिनाइल क्लोराइड हा माणसात कर्करोग घडवणारा सिद्ध पदार्थ आहे. मूळ द्रव्य घटल्याचा अहवाल आनंदाने दाखवणाऱ्याला ‘साखळीच्या शेवटचं निरुपद्रवी इथिन निघालं का?’ हे विचारावं.

“चार ठिकाणची माती तपासली की पुरे”

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात सारखा शिजतो. कारखान्याची जमीन तशी नसते. चौरस जाळीवर नमुने घेतले तर दोन बिंदूंमधल्या अंतराच्या सुमारे १.१८ पट व्यासाचा गोल डाग ९५ टक्के खात्रीने सापडतो. चार हेक्टरवर चार नमुने म्हणजे अंतर १०० मीटर, म्हणजे डाग ११८ मीटर रुंद असेल तरच खात्री. २० मीटरच्या जाळीला १०० बिंदू लागतात आणि २४ मीटरचा डाग सापडतो. गळक्या टाकीभोवतीचा दहा मीटरचा डाग जाळीने पकडायचा तर साडेपाचशे बिंदू. तेवढे कोणी घेत नाही, घ्यायची गरजही नसते. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवान्यांची कागदपत्रं, निवृत्त कामगारांची माहिती यांवरून टाक्या, गटारं, माल उतरवण्याची जागा, राख टाकण्याची जागा आधी शोधायची, तिथे दाट नमुने घ्यायचे आणि उरलेल्या जागेवर जाळी टाकायची. भूमिगत पाइपाखालच्या खडीत बघायला विसरू नये. विष तिच्यातून कितीतरी दूर जातं.

बाष्पशील द्रव्यांचे नमुने पिशवीत मिसळून एक करायचे नसतात, मिसळताना तेच उडून जातं. ते जागेवरच मिथेनॉलच्या कुपीत बंद करून थंड ठेवायचे. अनेक ‘स्वच्छ’ अहवालांचं रहस्य पिशवीतच असतं.

“पावसाचं पाणी जितकं मुरवाल तितकं चांगलं”

स्वच्छ जमिनीवर, हो. दूषित भरावावर मुरवलेलं पाणी क्रोमियम, विद्रावकं, आर्सेनिक यांना खाली ढकलतं. भूजल जिकडे वाहतं त्याच्या वरच्या अंगाला मुरवलं तर भूजलातला दूषित पट्टा पुढे वेगाने सरकतो, बाजूला मुरवलं तर शेजाऱ्याच्या जमिनीकडे वळतो. सेंद्रिय खताने भरलेल्या पर्जन्यबागेतून (पावसाचं पाणी गोळा करणारा झाडांचा खड्डा) झिरपणारं पाणी ऑक्सिजन गमावतं, मातीतले लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटं होतं. म्हणजे ‘हरित’ खड्डा नसता तर ते तिथेच पडून राहिलं असतं.

अशा जमिनीवर छपराचं पाणी टाकीत साठवून संडास आणि बागेसाठी वापरायचं. एक हेक्टर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० घनमीटर, टाकीचा आकार या हिशोबाने. रस्त्याच्या पाण्यासाठी अस्तर घातलेली पर्जन्यबाग: खाली संरक्षक कापड, त्यावर १ ते १.५ मिलिमीटर जाडीचं एचडीपीई लायनर (पाणी न झिरपू देणारी प्लास्टिकची चादर), ३०० मिलिमीटर खडीत निचऱ्याचा पाइप, वर ४५० ते ६०० मिलिमीटर वाळूमिश्रित माती. पाणी गाळून नाल्यात जातं, जमिनीत नाही. इथे एक फसगत ठरलेली: लायनर भूजलाच्या पावसाळी पातळीखाली घातलं तर खालच्या पाण्याच्या दाबाने ते फुगून वर येतं. म्हणून उन्हाळ्यातल्या नव्हे, पावसाळ्यातल्या पातळीवरून तळ ठरवायचा.

झाडांचंही असंच. मध्यम झाडाला १० ते १५ घनमीटर स्वच्छ माती हवी आणि ती दोन फुटांच्या थरात मावत नाही. जिथे टाकी किंवा डांबराचा खड्डा काढण्यासाठी खोल खणावंच लागणार आहे, तिथेच मोठ्या झाडांचा समूह ठेवला तर एका खोदकामात दोन कामं होतात. हे जमतं ते बागेचा आणि मातीचा आराखडा करणारे एका टेबलावर बसले तरच.

“घाई असेल तर माती उचलून बाहेर टाका”

एका हेक्टरवर दोन मीटर खणलं की २०,००० घनमीटर, सुमारे ३६,००० टन. १८ टनाच्या ट्रकच्या २,००० फेऱ्या बाहेर, आणि भरावासाठी जवळजवळ तेवढ्याच आत. विष नाहीसं झालं नाही, पत्ता बदलला. टाक्या, डांबराचे खड्डे, मुख्य डाग यांच्यासाठी खोदकाम योग्यच आहे. सरसकट नाही. भूजलपातळीखाली खणताना पाणी उपसलं की शेजारचा दूषित पट्टाही इकडे ओढला जातो, हे निविदेत क्वचित लिहिलेलं असतं.

वाळूच्या मातीला धुणं मानवतं, कारण विष मुख्यतः ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना चिकटतं आणि ते वेगळे करता येतात. चिकणमाती धुतली तर गाळच इतका उरतो की फायदा संपतो. धातू सिमेंटने बांधता येतात, पण सहासंयुजी क्रोमियम आधी फेरस सल्फेटसारख्या द्रव्याने कमी विषारी त्रिसंयुजी रूपात आणावं लागतं, आणि सिमेंट जास्त झालं की वाढलेल्या अल्कतेत शिसं पुन्हा विरघळू लागतं. म्हणून प्रयोगशाळेत वेगवेगळी मिश्रणं करून निक्षालन चाचणी (पाण्याबरोबर किती विष सुटतं ते मोजणं) आधी. जमिनीत रसायन टोचून विषाचं ऑक्सिडेशन केलं तर महिन्या-दोन महिन्यांतलं यश खरं मानू नये. चिकणमातीच्या थरांत मुरलेलं द्रव्य सावकाश परत येतं, म्हणून किमान वर्षभर मोजत राहायचं. पाया घालतानाही जपावं: ठोकून घातलेला पाइल (पायाचा खोल खांब) चिकणमातीचा पडदा भेदून वरचं विष खालच्या स्वच्छ पाण्याच्या थरात नेऊ शकतो.

“मग सोलर, सांडपाणी केंद्र, खाली दुकानं”

मिश्र वापर इथे खरोखर उपयोगी आहे, पण मजकुरात दिलेल्या कारणाने नाही. तळमजल्यावर मोकळी हवा खेळणारं पार्किंग ठेवलं तर वरच्या घरांना बाष्पांपासून अंतर मिळतं. दुकानात माणूस दिवसाचे काही तासच असतो, म्हणून तिथली मर्यादा घरापेक्षा सैल असू शकते. हे गणित मोडतं ते त्या दुकानात पाळणाघर निघालं की. वापरावरचं बंधन खरेदीखतातच हवं. आणि विद्रावक वापरणारी लाँड्री तळमजल्यावर येऊ देऊ नये, नाहीतर जुना रोग नव्याने.

स्वतःची केंद्रं चालवणं हा वेगळाच धडा. लंडनच्या बेडझेड वसाहतीत, सुमारे १०० घरांत, लाकडाच्या तुकड्यांवरचं वीज-उष्णता संयंत्र काही वर्षांतच बंद पडलं आणि वनस्पतींवर चालणारं सांडपाणी केंद्रही परवडेना. तिथल्या जाड भिंती आणि दक्षिणेकडच्या खिडक्या मात्र चालू आहेत, त्यांना चालक लागत नाही. कॅनडात व्हिक्टोरियामधल्या डॉकसाइड ग्रीनमध्ये २००८ च्या मंदीनंतर बांधकाम अनेक वर्षं रखडलं, आणि पूर्ण वसाहत धरून बांधलेल्या ऊर्जाकेंद्राला तेवढे ग्राहक मिळाले नाहीत. म्हणून यंत्रं टप्प्याटप्प्याने वाढवता येतील अशी लहान घ्यावीत. स्टॉकहोमच्या हामारबी शोस्ताडमध्ये, जिथे जुनी औद्योगिक जमीन साफ करून सुमारे ११,००० घरं उभी राहिली, ट्राम सुरुवातीच्याच टप्प्यात आणली. लोकांनी आधी गाड्या घेतल्या की नंतरची ट्राम त्या विकायला लावत नाही.

“बाकी सगळा सल्लागारांचा धंदा”

चारशे पानी अहवालात तीनशे पानं ठरावीक मजकूर असतो, ही तक्रार रास्त आहे. पण खरं काम करून घ्यायचं असेल तर पानं मोजण्याऐवजी काही कागद मागावेत. विष, वाट आणि माणूस दाखवणारा एका पानाचा छेद-नकाशा. खणलेल्या खड्ड्याच्या भिंती आणि तळ यांचे नमुना-निकाल. खूणपट्ट्याची खोली दाखवणारा प्रत्यक्ष मोजणीचा आराखडा. पडद्याच्या धूर-चाचणीची तारीखवार छायाचित्रं. निरीक्षण विहिरींच्या जागा, ज्या फरसबंदीखाली गाडल्या जाणार नाहीत. आणि पंख्याची वीज, दाबमापकाची दुरुस्ती, वर्षातून दोनदा भूजल तपासणी यांचा खर्च पुढची वीस-तीस वर्षं कुठून येणार, ते सांगणारा वेगळ्या खात्यातल्या ठेवीचा पुरावा. ही ठेव विकासक असतानाच भरून घ्यावी लागते. ताबा दिल्यावर तो भरत नाही आणि रहिवासी संघाला पंखा कशासाठी आहे हेच माहीत नसतं. दाबमापक छपरावर लपवू नये. तो जिन्याच्या तळाशी लावावा, दाब गेला की वाजणारी घंटा जोडावी, आणि शेजारी एका ओळीत लिहावं की ती वाजली तर कोणाला फोन करायचा.